सांगलीत राहून ऑर्केस्ट्रेशन शिकायचं असेल तर

सांगली-मिरजेत राहून ऑर्केस्ट्रेशन शिकता येतं का, असं बरीच पोरं विचारतात, की-बोर्ड वाजवणारी, गांधर्वच्या परीक्षा दिलेली, गणपतीत मंडळाला गाणं करून देणारी. तर उत्तर सरळ आहे, येतं. जवळपास सिम्फनी ऑर्केस्ट्रा नाही, कुणी क्लास घेत नाही, पण यूट्यूब आहे, जगातले मोठे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या प्रती, फुकट मिळतात आणि लिहायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, नुसते व्हिडीओ बघून हे येत नाही. व्हिडीओ बघून कळल्यासारखं वाटतं, बस. खरं शिकणं होतं ते स्कोअर उघडून, पेन्सिल घेऊन, स्वतः चार ओळी लिहून आणि मग मोठ्या माणसानं तिथं काय केलं होतं ते शेजारी ठेवून बघितल्यावर. एक तास व्हिडीओ तर तीन तास कागद, हे प्रमाण धरून चाला.

विषय नेमका काय तेही बोलून घेऊ. चाल तयार आहे, कॉर्ड तयार आहेत, आता कुठला सूर कुठल्या वाद्याला द्यायचा, किती जणांना द्यायचा, कुठल्या सप्तकात द्यायचा आणि कुणाला गप्प बसवायचं, हे ठरवणं म्हणजे ऑर्केस्ट्रेशन. २०१६ला सैराट आला, अजय-अतुलनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन तिकडच्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, आणि त्यानंतर आपल्याकडच्या कितीतरी पोरांना हे करायचंय असं वाटायला लागलं. वाटणं चांगलंच आहे, पण तो भरलेला आवाज नुसत्या शंभर वाद्यांमुळं येत नाही हे जेवढं लवकर कळेल तेवढं बरं.

पहिली पायरी स्टाफ नोटेशन. सरगम लिहिता येत असेल तर कान तयार आहे, पण स्कोअर वाचायला त्या पाच रेघाच लागतात, याला दुसरा रस्ता नाही. आधी ट्रेबल आणि बेस क्लेफ (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी सुरुवातीची खूण), मग व्हायोलासाठी, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या बहिणीसाठी, आल्टो क्लेफ. रोज वीस मिनिटं, एका वेळी एकच ओळ, सीला सा धरून तोंडानं म्हणत वाचा. जमलं की म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि छापील स्कोअरमधली एखादी ओळ बघून त्यात टाइप करा, कारण टाइप करताना डोळा ज्या गोष्टी सोडून देत होता त्या सगळ्या दिसायला लागतात, स्लर (सूर जोडणारी कमान) कुठं संपतोय, पियानो (म्हणजे हळू वाजवा) कुठं लिहिलंय, ठिपका आहे का नाही.

गोंधळ होतो तो ट्रान्सपोज होणाऱ्या, म्हणजे कागदावर एक सूर आणि कानाला दुसरा अशा वाद्यांचा. इंग्रजी व्हिडीओत हे ऐकून डोकं फिरतं, पण हार्मोनियमवाल्याला उलट सोपं आहे कारण काळी एक, काळी दोन ही भाषा त्याला पाठ असते. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर सी लिहिलाय आणि त्यानं तो वाजवला की ऐकू येते काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनवाल्यानं त्याचा सी वाजवला की काळी दोन. एफमधल्या हॉर्नचा सी म्हणजे पांढरी चार, तीही खालची. आणि डबल बेस लिहितात त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. एवढं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. म्यूझस्कोरमधे कॉन्सर्ट पिचचं बटण आहे, लिहिताना ते चालू ठेवा म्हणजे सगळं खऱ्या सुरात दिसतं, पार्ट, म्हणजे एकेका वादकाचा वेगळा कागद, काढताना बंद करा.

आता व्हिडीओ. यूट्यूबवर ऑर्केस्ट्रेशन असं टाकलं की ढीग येतो, त्यातला मोठा भाग सॅम्पल लायब्ररी, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजवायचे वाद्यांचे तयार आवाज, विकणाऱ्यांचा असतो, दोन बोटं ठेवली की एपिक आवाज येतो वगैरे, ते सुरुवातीला बाजूला ठेवा. थॉमस गॉस नावाचे न्यूझीलंडचे संगीतकार आहेत, त्यांचं ऑर्केस्ट्रेशन ऑनलाइन म्हणून चॅनेल आहे, ते स्कोअर समोर ठेवून बोलतात, तिथनं सुरुवात करा. लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचे एकेका वाद्यावरचे व्हिडीओ आहेत, त्यात वाजवणारा स्वतः सांगतो की हा सूर सोपा, हा अवघड, इथं श्वास पुरत नाही. हे व्हिडीओ म्हणजे सोनं आहे. आणि तिसरा प्रकार म्हणजे पडद्यावर स्कोअर पळत असतो आणि मागं रेकॉर्डिंग चालू, असे हजारो आहेत. बघायची पद्धत एकच ठेवा, एक व्हिडीओ बघितला की त्यातली एक गोष्ट त्याच दिवशी स्वतः आठ बारमधे (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा) लिहून काढायची, आणि ती लिहून होईपर्यंत दुसरा व्हिडीओ लावायचा नाही. यानं महिन्याला कमी व्हिडीओ होतील, पण वहीत काहीतरी उरेल.

पुस्तकांचं म्हणाल तर रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराचा ऑर्केस्ट्रेशनवरचा ग्रंथ, जो त्यांच्या मृत्यूनंतर १९१३ला छापला गेला, तो आयएमएसएलपी या साइटवर इंग्रजीत फुकट मिळतो. जुना आहे, भाषा जड आहे, पण त्यातले वजनाचे हिशोब आजही उपयोगी पडतात. जोरात वाजवताना एक हॉर्न म्हणजे दोन फ्लूट किंवा दोन क्लॅरिनेट, आणि एक ट्रम्पेट म्हणजे दोन हॉर्न. हे पाठ करा. म्हणजे चार सुरांच्या कॉर्डमधे एक सूर ट्रम्पेटला आणि बाकीचे तीन फ्लूटना दिले तर फोर्टेमधे, म्हणजे जोरात वाजवताना, काय होणार ते कागदावरच कळतं, ट्रम्पेटचा सूर एकटाच बाहेर येणार आणि कॉर्ड ऐकूच येणार नाही.

पहिले सहा महिने फक्त स्ट्रिंग्स, म्हणजे बोनं (गजानं) वाजवायची तारवाद्यं, लिहा असं माझं ठाम मत आहे. पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस. कंटाळा येईल, ट्रॉम्बोन वाजवावेसे वाटतील, थांबा. मोठ्या ऑर्केस्ट्रात साधारण १६, १४, १२, १०, ८ अशी माणसं या पाच गटांत असतात, म्हणजे निम्म्याहून जास्त ऑर्केस्ट्रा हाच आहे, आणि हा गट नीट बसला की बाकी सगळं त्यावर उभं राहतं. शिकायचं काय, तर व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए, ई, जीच्या खाली सूरच नाही, तिथं जायचं असेल तर व्हायोला, तिची सगळ्यात खालची तार सी. एका स्लरखाली जेवढे सूर लिहाल तेवढे एका बोमधे वाजणार, मग जोरात वाजवायचं असेल आणि चार बार एकच स्लर टाकला असेल तर बो संपणार. म्हणून लिहिताना हात हवेत फिरवून बघा, खरंच. आणि एक व्यवहाराची गोष्ट, गावात रेकॉर्डिंगला दोन व्हायोलिनवाले मिळाले म्हणून दोघांना एकच ओळ दिली तर सुरातला बारीकसा फरकही कानाला टोचतो. तिघं झाले की तो मिसळून जातो. दोघंच असतील तर दोन वेगळ्या ओळी लिहा किंवा एकालाच द्या.

की-बोर्डवाल्यांची सवय इथं मोडावी लागते. स्ट्रिंग्सचा पॅच लावून दोन्ही हातांनी कॉर्ड धरला की छान वाटतं, पण तो सगळा एकाच जागी घट्ट बसलेला पेटीसारखा कॉर्ड असतो. खऱ्या स्ट्रिंग्सना एकेक स्वतंत्र ओळ पाहिजे, जी स्वतंत्र गाऊन दाखवता येईल. व्हायोलाची ओळ काढून एकटी गा. गाताना लाज वाटली किंवा तेच ते दोन सूर येत राहिले तर ती ओळ परत लिहा.

कॉर्डचे सूर खाली-वर कसे पसरायचे हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि त्याचं उत्तर मिरजेत आहे असं मी म्हणतो. मिरजेचे तंबोरे सगळ्या देशात जातात, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ला जीआय मानांकनही मिळालं. एखाद्या कारागिराच्या दुकानात जाऊन, परवानगी घेऊन, नीट जवारी काढलेला (घोडी घासून आवाज खुलवलेला) तंबोरा जुळलेला असताना खर्जाच्या तारेला कान लावा. आधी सा, मग वरचा सा, मग पंचम, मग अजून वरचा सा, आणि त्याच्यावर, कुणी छेडलेला नसताना, गांधार. स्वयंभू गांधार म्हणतात तो हाच. खाली सूर लांब लांब आहेत आणि वर जाईल तसे जवळ जवळ येतायत. ऑर्केस्ट्रात कॉर्ड मोकळा वाजावा असं वाटत असेल तर हीच मांडणी ठेवायची, बेस आणि चेलोमधे सप्तकाचं अंतर, मधे पंचम, गांधार वरच्या वाद्यांकडं. चेलो-बेसमधे खाली सा आणि ग शेजारी ठेवले की घुमणारा चिखल होतो.

हे ऐकून झालं की फ्रेंच संगीतकार राव्हेलचं बोलेरो लावा, १९२८चं. एकच चाल पंधरा-सोळा मिनिटं परत परत येते, बदलतात फक्त वाद्यं. एकटा फ्लूट, मग क्लॅरिनेट, मग बासून, असं पुढं जात जात एका जागी हॉर्नकडं चाल येते आणि त्याच्यावर हळू आवाजात दोन पिकोलो (छोटे, उंच सुराचे फ्लूट) आणि चेलेस्टा (बारीक घंटांसारखं वाजणारं पट्ट्यांचं वाद्य). स्कोअर उघडून बघा, हॉर्न वाजतोय सीमधे, एक पिकोलो तीच चाल जीमधे वाजवतोय आणि दुसरा ईमधे. कागदावर बघितलं तर तीन वेगळ्या सुरांतली भांडणं वाटतील. पण सीचा पंचम जी आणि गांधार ई, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेतनं जे आपोआप येतं तेच त्या माणसानं वाद्यांना वाटून दिलंय, आणि कानाला तीन वाद्यं न वाटता एकच कुठलंतरी नवीन वाद्य वाटतं. पिकोलो जरा मोठे झाले तर सगळं फुटेल, म्हणून ते हॉर्नपेक्षा हळू ठेवलेत. हा एक प्रसंग नीट समजून घेतला तर दोन वाद्यांचं मिश्रण म्हणजे काय ते कायमचं कळतं.

सगळ्यात उपयोगी अभ्यास मात्र वेगळा आहे आणि तो करायला वेळ द्या. मुसॉर्गस्की या रशियन संगीतकारानं १८७४ला चित्रांच्या प्रदर्शनावर पियानोसाठी पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन ही मालिका लिहिली आणि राव्हेलनी १९२२ला ती ऑर्केस्ट्रासाठी केली. दोन्ही स्कोअर आयएमएसएलपीवर आहेत. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि राव्हेल १९३७ला गेले, त्यामुळं आपल्याला उतरवून घ्यायला काही अडचण नाही. आधी फक्त पियानोची प्रत झेरॉक्सवाल्याकडं छापून घ्या. राव्हेलची प्रत उघडायची नाही, रेकॉर्डिंगही ऐकायचं नाही, आधी ऐकलं असेल तर थोडे दिवस जाऊ द्या. पहिले आठ बार घ्या, मात्रा कधी पाच कधी सहा अशा आहेत. सुरुवात एकट्या सुरांची, मग तेच वाक्य कॉर्डमधे, मग परत एकटं, परत कॉर्ड. आता तुम्ही ठरवा, कुणाला द्याल. लिहून काढा, म्यूझस्कोरवर ऐका, कारण वहीत लिहा, हे वाद्य का घेतलं ते एका वाक्यात. मग राव्हेल उघडा. एकटी ओळ एका ट्रम्पेटला दिलीय आणि उत्तर द्यायला बाकीचे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबासकट. स्ट्रिंग्स तोपर्यंत गप्प बसलेत. मोठा ऑर्केस्ट्रा समोर असताना व्हायोलिनना आठ बार शांत ठेवायचं, हे सुचायला आणि करायला दोन्हीला छाती लागते, आणि म्हणूनच पुढं स्ट्रिंग्स आल्यावर एकदम उजेड पडल्यासारखं होतं. त्याच मालिकेत बैलगाडीचा एक तुकडा आहे, तो त्यांनी ट्यूबाला दिलाय, आणि जुन्या किल्ल्याची चाल आल्टो सॅक्सोफोनला. प्रत्येक तुकड्याला हाच खेळ करा, आधी आपलं, मग त्यांचं.

स्कोअर नुसता वाचताना रंगीत पेन्सिली ठेवा, चाल लाल, बेस निळा, मधलं भरण हिरवं. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात सगळ्यांना माहितीये, सगळ्यांना वाटतं अख्खा ऑर्केस्ट्रा तुटून पडलाय. रंगवायला बसलात की दिसेल, फक्त स्ट्रिंग्स आणि दोन क्लॅरिनेट आहेत, ट्रम्पेट नाही, टिंपनी (मोठे नगारे) नाही. आणि चायकोव्हस्कींच्या सहाव्या सिम्फनीचा शेवटचा भाग काढा, १८९३चा, तिथं सुरुवातीला जी चाल ऐकू येते ती कुठल्याच ओळीत सापडत नाही, कारण एक सूर पहिल्या व्हायोलिनला, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनला असा वाटलाय. हे व्हिडीओत सांगितलं तर आपण वा म्हणून पुढं जातो, लाल पेन्सिल घेऊन शोधायला लागलो की विसरत नाही.

आता खरी वाद्यं कुठं ऐकायची. आपल्याकडं बँड पार्ट्या आहेत हे फार मोठं भाग्य आहे आणि त्यांच्याकडं कुणी शिकायला जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, युफोनियम वाजवणारी माणसं आपल्या गल्लीत राहतात, वडिलांपासून वाजवतायत. लग्नसराईत त्यांना त्रास देऊ नका. चातुर्मासात, गणपतीची गडबड नसताना, फोन करून, वेळ विचारून जा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि क्लॅरिनेटवाल्या मामांना सांगा की सगळ्यात खालच्या सुरापासून सावकाश वर जा, हळू आवाजात. जवळ बसून ऐका. खाली आवाज कसा गडद आणि भरीव आहे, मग मधे एक जागा येते जिथं आवाज एकदम बारीक, फिका पडतो, त्यांच्या कागदावरच्या जीपासून बी फ्लॅटपर्यंत, आणि त्याच्या पुढच्या सुराला सगळी बोटं परत ठेवावी लागतात आणि आवाज उजळ होतो. मिरवणुकीत ते कायम त्या वरच्या भागात वाजवतात कारण ताशा-ढोलातनं बाहेर यायचं असतं, त्यामुळं क्लॅरिनेटचा खालचा आवाज किती देखणा आहे हे गावाला माहितीच नाही. महत्त्वाची चाल त्या मधल्या फिक्या जागेत लिहायची नाही, आणि तीच जागा पटापट ओलांडायला लावणारे सूर नवशिक्या वादकाला द्यायचे नाहीत, हे तुम्हाला त्या दहा मिनिटांत कळेल. ट्रम्पेटवाल्यांना विचारा, वरचा सूर किती वेळ धरता येतो, ओठ कधी थकतात, विश्रांती किती पाहिजे. उत्तरं लिहून घ्या.

कॉम्प्युटरवर ऐकून ठरवू नका असं सगळे सांगतात, पण त्याचं कारण समजून घ्या. म्यूझस्कोरचे आवाज आता चांगले आहेत, स्पिटफायर कंपनीची बीबीसी ऑर्केस्ट्राची छोटी लायब्ररीही आहे, पण तिथं फ्लूटचा आवाज वाढवायची दांडी आहे. खऱ्या फ्लूटचं सगळ्यात खालचं सप्तक मऊ आणि हवेसारखं असतं, त्याच्यावर दोन हॉर्न जरी वाजले तरी ते बुडतं, आणि तिथं कुठली दांडी सरकवणार. म्हणून मिक्सरला हात न लावता, सगळे फेडर सारखे ठेवून चांगलं वाजेल असं लिहायची सवय लावा. मशीनला श्वास घ्यावा लागत नाही हेही ध्यानात ठेवा.

आपलं संगीत ऑर्केस्ट्रात आणताना अजून एक अडचण येते. राग घेतला की लगेच खाली कॉर्ड टाकायची घाई होते आणि कोमल रिषभासारखा नाजूक सूर कॉर्डच्या वजनाखाली मरतो. आधी कॉर्डशिवाय करून बघा, व्हायोला आणि चेलोला सा-प धरायला द्या, चाल एका सोलो वाद्याला, आणि दुसरं वाद्य तीच चाल जरा मागनं, थोडी साधी करून, म्हणजे साथीला पेटी किंवा सारंगी गायकाच्या मागनं येते तशी. मींड पाहिजे असेल तर स्लरखाली एकाच तारेवर येतील असे सूर निवडा आणि शब्दात लिहा, कारण तिकडं शिकलेला वादक आपणहून मींड घेणार नाही. सांगलीकरांनी एखादं नाट्यपद घेऊन हे करून बघावंच.

जुनी हिंदी गाणीही पाठ्यपुस्तकासारखी वापरा. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, त्यांच्या गाण्यांत गायकाच्या मागं व्हायोलिनची एक वेगळीच ओळ चालू असते, ती ऐकून नोटेशनमधे उतरवा. अँथनी गोन्साल्विस हेही गोव्याचेच, प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकले. या लोकांनी राग आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचं काम आपल्या आधीच खूप करून ठेवलंय.

वर्षातनं एकदा तरी मुंबईला जाऊन प्रत्यक्ष ऐका. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात त्यांचे कार्यक्रम असतात, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालात की सकाळी मुंबईत. जायच्या आधी कार्यक्रमातल्या एका कृतीचा स्कोअर रंगवून न्या, आणि स्वस्तातली वरची सीट घ्या, तिथनं कोण कधी वाजवतंय ते सगळं दिसतं.

आणि शेवटी खऱ्या माणसांकडनं वाजवून घ्या, भले तीनच जण असोत, एक क्लॅरिनेट, एक व्हायोलिन, एक चेलो नाहीतर युफोनियम. दोन मिनिटांचं लिहा. प्रत्येकाचा पार्ट त्याच्या त्याच्या ट्रान्सपोझिशनमधे काढा, बार नंबर टाका, पान उलटायच्या जागी विश्रांती येईल असं बघा, श्वासाच्या खुणा करा, अक्षर मोठं ठेवा. बँडमधल्या काहींना स्टाफ वाचता येतो, काहींना नाही, ते आधी विचारून घ्या आणि नसेल तर त्याच सुरांची सरगम खाली लिहून द्या. पार्ट दोन दिवस आधी पोचवा. वाजवताना ते जिथं थांबतील, कपाळाला आठी पडेल, तिथं तुमच्या स्कोअरवर पेन्सिलनं खूण करा आणि चहा घेताना विचारा की इथं काय अडलं.